कारण: इतर

सर्व्हेवाली बाई आली तेव्हा मी बायकोचा स्वेटर घालून तिसऱ्या गाईची धार काढत होतो. स्वेटर जांभळा आहे, त्यावर पांढरी फुलं आहेत, आणि माझ्या पोटावर तो असा ताणला जातो की त्या फुलांच्या पराती होतात. अशा अवतारात कुणी गाठलेलं मला आवडत नाही. तसं या माणसाला कुठल्याच वेळी कुणी आलेलं आवडत नाही, असं गावात म्हणतात. पण ते खोटं आहे. कुणी येतच नाही, तर आवडतं की नाही हे मला तरी कसं कळणार?

"काका, येऊ का आत?"

"आत शेण आहे."

"मग बाहेर थांबते."

"बाहेरही शेणच आहे. या आत."

चाळिशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि पायात शहरातले बूट. ते बूट दोन पावलांतच कामातून गेले, पण तिने नाक मुरडलं नाही. दुधाचा धंदा करणारे लोक सरकारी मदत का घेतात आणि का घेत नाहीत, याचा म्हणे अभ्यास चालला होता. गावातल्या घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं घर निघालं.

"म्हणजे लॉटरीच लागली म्हणायची," मी म्हणालो. "काय मिळणार?"

"मिळणार काही नाही. पस्तीस प्रश्न आहेत."

मला हसू आलं. एवढं सरळ बोलणारं सरकारी माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला बसायला एक बादली पालथी घालून दिली आणि मी धार चालू ठेवली. गाय एकदा पान्हावली की ती थांबत नाही, सर्व्हेला थांबावं लागतं. एवढं एक तिला आधीच सांगून ठेवलं.

धार चालू ठेवली म्हणजे दात आवळून चालू ठेवली. मी अंगठा मुडपून पिळतो. वडिलांनी तशीच शिकवली. डॉक्टर सांगून थकले की पुऱ्या मुठीने पिळा, अंगठ्याची वाट लागेल. लागली. आता दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी सुपारीएवढे टेंगूळ आलेत, आणि तिसऱ्या गाईपासून पुढे प्रत्येक धारेला कोपरापर्यंत कळ जाते. आपला हात जगन्नाथ म्हणतात. माझे दोन्ही जगन्नाथ संपावर गेलेत.

"जनावरं किती?"

"अकरा. दुधात आठ, दोन भाकड, एक कालवड."

"नोंद कुणाच्या नावावर आहे?"

"बायकोच्या."

"काकू आहेत का? त्यांच्याशी बोलायचं असेल तर..."

"आत्ता नाही इथे," मी म्हणालो.

हे उत्तर मी तीन वर्षं देतोय. तसं पाहिलं तर त्यात खोटं काही नाही.

बायकोला फॉर्म भरायचं वेड होतं. इतर बायका सिनेमाला जायच्या, ही जनावरांच्या दवाखान्यात नाही तर तालुक्याच्या कार्यालयात. बाईच्या नावावर अर्ज केला की नंबर लवकर लागतो, हे तिने कुठूनतरी ऐकलं आणि एका दुपारीत अकराच्या अकरा गायी स्वतःच्या नावावर चढवून आली. मला संध्याकाळी कळलं. "आता तुम्ही माझ्याकडे कामाला," म्हणाली. कडबाकुट्टी तिने आणली, गव्हाणीचा कोबा तिने आणला, लस तर आमच्याकडे सगळ्यांच्या आधी यायची. गावात तिला सरकारची जावई म्हणायचे. मी मात्र कधी त्या कार्यालयाची पायरी चढलो नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्ही थांबूच नका, तुम्ही धार काढा. थांबायला मी आहे."

तीन वर्षांपूर्वी ती गेली. पाच दिवसांच्या तापात गेली. गावाने चार दिवस येऊन जाऊन केलं, मुलगी महिनाभर राहिली, आणि मग जो तो आपापल्या गोठ्यात गेला. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुभती जनावरं असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखात फार वेळ बसता येत नाही. सकाळी पाच आणि दुपारी चार, जगबुडी आली तरी धार काढावीच लागते.

कार्यालयात मात्र मी कळवलं नाही.

आणि आठ दिवसांपूर्वी पत्र आलं. तिच्या नावाने. चार वर्षांपूर्वी तिने दूध काढायच्या यंत्राचा अर्ज केला होता म्हणे, आणि तिचा नंबर लागला होता. "आपला अर्ज मंजूर करण्यात आला आहे. तीस तारखेपर्यंत मूळ ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे. अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल."

समक्ष हजर राहावे. मी ते पत्र गव्हाणीच्या कठड्यावर ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो.

त्या पत्रावर माझं सगळं अडलं होतं. यंत्र आलं असतं तर गायी राहिल्या असत्या. पदरच्या पैशाने यंत्र घ्यायची ऐपत नाही, दोन वेळ धारेला मजूर मिळत नाही, आणि अंगठे आणखी एक हिवाळा काढतील असं मला वाटत नव्हतं. गायी गेल्या की मी मुलीकडे. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जावई भला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे मी सकाळी पाचला उठतो आणि सात वाजेपर्यंत अंधारात पलंगावर बसून राहतो, कारण मी चाललो की फरशी वाजते. दर रविवारी मुलगी फोन करते. "बाबा, बरे आहात ना?" मी म्हणतो, ठणठणीत. "मग विका ना आता त्या गायी. कशासाठी एवढं?" ठणठणीत माणसाकडे याला उत्तर नसतं.

मार्ग काढला तो फॅटने. आमच्या संकलन केंद्रावर जो माणूस दुधाचं फॅट मोजतो त्याला सगळे फॅट म्हणतात. स्वतः काडीसारखा आहे. त्याला पत्र दाखवलं, कारण दुसरं कुणाला दाखवणार.

"भाऊ, यात काय अवघड आहे?" तो म्हणाला. "आमची ही येईल. वहिनींचं ओळखपत्र आहे ना तुझ्याकडे? सही करेल, अंगठा देईल, यंत्र घेऊन येऊ."

"फोटो?"

"त्या फोटोत वहिनीच वहिनींसारख्या दिसत नाहीत. कोण बघतंय? अरे, वहिनींनीच अर्ज केला होता ना? मग यंत्र त्यांच्याच घरी येणार. चोरी कुठे आहे यात?"

मी हो म्हणालो. सर्व्हेवाली आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं कार्यालयात जाणार होतो.

"प्रश्न चौदा," ती म्हणाली. "गेल्या तीन वर्षांत तुम्ही कुठल्याही योजनेचा लाभ घेतलेला नाही. त्याआधी दरवर्षी घेतलाय, तशी नोंद आहे. न घेण्याचं मुख्य कारण काय? मी पर्याय वाचते. माहिती नाही. कार्यालय लांब आहे. कागदपत्रं किचकट आहेत. शेजाऱ्यांचा अनुभव वाईट आहे. अधिकाऱ्यांवर विश्वास नाही. गरज नाही. इतर."

शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी सात कारणं काढली होती. मी दुसरं निवडलं.

"कार्यालय लांब आहे."

"किती वेळ लागतो?"

"बसने तास तरी लागतो."

"काका, मी त्याच बसने आलेय. पस्तीस मिनिटं."

"मग तिसरं घ्या. किचकट."

तिने मान वर केली. तिच्या डोक्यावरच खुंटीला बायकोची फाईल लटकली होती. लाल दोरी बांधलेली, प्रत्येक कागदाला बाहेर डोकावणारी चिठ्ठी, त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं: लस, कोबा, विमा, कुट्टी. सर्व्हेवालीने फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हा प्रश्न नंतर घेऊ," म्हणाली. शहाणी होती.

मग तिने जनावरांची वयं विचारायला घेतली. मी एकेका गाईपाशी जाऊन सांगत होतो. ही चार वर्षांची, ही दुसऱ्या वेताची, ही गेल्या वर्षी बाजारातून आणलेली. ती टॅबवर बोट फिरवत मागून येत होती. मध्येच तिने सहज विचारलं, "काका, हा स्वेटर काकूंचा का?"

"हो. एक गाय आहे, कडक सडांची. हट्टी. ती दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नाही, तिलाच सोडते. म्हणून हा घालावा लागतो. जनावर वासाला ओळखतं."

"कुठली ती?" तिने बोट टॅबवर तयार ठेवून विचारलं. "वय लिहायचं राहिलं तिचं."

मी उभा राहिलो. गायी रवंथ करत होत्या. मी पहिल्या गाईपासून शेवटच्या गाईपर्यंत बघितलं, जणू ती कुठेतरी दिसेलच.

"ती नाही आता," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली. भाकड झाली म्हणून देऊन टाकली."

"आणि यातल्या काकूंना ओळखणाऱ्या..."

"दोन. त्याही तेव्हा कालवडी होत्या. त्यांची धार तिने कधी काढली नाही."

तिने टॅब खाली केला. मला वाटलं आता ही काहीतरी गोड बोलणार, आणि मग मला हिला हाकलून द्यावं लागणार. पण ती पालथ्या बादलीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू कधी गेल्या?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. बाहेरच्यांना माहीत नव्हतं, म्हणून तेही विचारत नव्हते. मी तिला तारीख सांगितली. वार सांगितला. पहाटेची धार काढून मी आत गेलो तेव्हा ती गेलेली होती, हेही सांगितलं. मग तिथेच गव्हाणीच्या कठड्याला टेकून सगळं बोललो. इतकं बोललो की माझ्याच आवाजाची मला लाज वाटायला लागली.

"मग कार्यालयात का नाही कळवलंत?"

"पोस्टमनमुळे."

तिला कळलं नाही. कळणार कसं? मी सांगितलं. ती गेली आणि दोन महिन्यांनी जुना पोस्टमन बदलून नवीन आला. त्याला आमच्याकडचं काही माहीत नाही. माझ्या घरी पत्र येतं ते फक्त त्या कार्यालयाचं, वर्षातून चार-पाच वेळा. लसीचं, नोंदणीचं, मेळाव्याचं. सगळी तिच्या नावाने. पोस्टमन फाटकात सायकल लावतो आणि तिचं पूर्ण नाव घेऊन हाक मारतो. मी बाहेर येतो. तो विचारतो, बाई नाहीत का? आणि मी म्हणतो, "गोठ्यात आहे. द्या माझ्याकडे."

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच. तेवढं वाक्य म्हणायला मिळतं. गोठ्यात आहे. दिवसभर बरं वाटतं मग. कळवलं असतं तर पत्रं माझ्या नावाने आली असती."

मग तिने टॅब उचलला, चौदावा प्रश्न काढला, आणि शेवटच्या पर्यायावर बोट ठेवलं. इतर. खाली लिहायला एक चौकोन उघडला. ती बराच वेळ लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती.

"लिहिलेलं वाचून दाखवायचा नियम आहे," ती म्हणाली. "चूक असेल तर सांगा. 'नोंद ज्यांच्या नावावर होती त्या पत्नी तीन वर्षांपूर्वी वारल्या. कळवल्यास त्यांच्या नावाने पत्र येणे बंद होईल, म्हणून पतीने कळवले नाही.' बरोबर आहे?"

दुसऱ्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पत्नी वारल्या. किती साधी गोष्ट होती, आणि मी ती कुठेच लिहू दिली नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

चहा घेऊन ती गेली. बूट मी नळाखाली धुऊन दिले. उद्याच्या बेताबद्दल मी तिला बोललो नव्हतो, तिनेही काही उपदेश केला नाही. फाटकातून वळून एवढंच म्हणाली, "काका, स्वेटर धुवायला टाकू नका, विटेल." मी आजवर तो कधी धुतलाच नव्हता, हे तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही तिघं निघालो. फॅटची बायको चांगली बाई आहे. आमच्या हिची मैत्रीणच होती ती. फोटोतल्यासारखा चष्मा घालून आली होती आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून माझ्या बायकोचं नाव पुटपुटत होती. पूर्ण नाव, माझ्या नावासकट. परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी. फॅट मला कोपराने ढोसत होता. "बघ, पाठ केलंय तिने. तू फक्त तोंड बंद ठेव. ते तुला जमतंच."

कार्यालय मी पहिल्यांदाच बघत होतो. एक लांब बाक, वर फिरणारा पंखा, खिडकीच्या आत चष्मा कपाळावर सरकवलेला कारकून. बाकाच्या टोकाला भिंतीचा रंग डोकं टेकून टेकून काळपट झाला होता. इथे ती बसायची. मला तेवढंच सुचलं. मी तिथेच जाऊन बसलो.

कारकुनाने तिचं नाव पुकारलं.

पोस्टमनसारखंच, पूर्ण. फॅटची बायको उठली आणि खिडकीपाशी गेली.

"मीच," ती म्हणाली.

"मिस्टरांचं नाव?"

तिने सवयीने फॅटकडे बघितलं. फॅटने घाईने माझ्याकडे बोट केलं. तिने माझं नाव सांगितलं. एरवी मी हसलो असतो. घरी जाऊन आधी बायकोला सांगितलं असतं आणि दोघं मिळून हसलो असतो.

"इथे सही करा."

तिने पेन घेतलं. पदर सावरला, वाकली, आणि माझ्या बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. बायको ते अक्षर गोल काढायची, खाली वेलांटीसारखं वळवून. हिचं टोकदार होतं. अक्षर बरोबर होतं, पण ते तिचं नव्हतं.

यंत्राचा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. अकरा गायी डोळ्यांसमोर ओळीने उभ्या राहिल्या, आणि मुलीच्या घरचा तो पलंगही. तरी मी उठलो.

"थांबा," मी म्हणालो. "ती वारली."

कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली. "कोण?"

"अर्ज जिचा आहे ती. तीन वर्षं झाली."

"मग या कोण?"

फॅट पंख्याकडे बघत होता. त्याच्या बायकोच्या हातातलं पेन खाली पडलं आणि बाकाखाली गेलं.

"या सोबत आल्यात," मी म्हणालो.

कारकून आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला सगळं कळलं होतं. तीस-पस्तीस वर्षं त्या खिडकीत काढलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. "सोबत आल्यात ना," तो शेवटी म्हणाला, "मग बसू दे त्यांना बाजूला."

त्याने नियम सांगितला. वर्षाच्या आत कळवलं असतंत तर वारस म्हणून नंबर तुमच्या नावावर झाला असता. यंत्र तुम्हालाच मिळालं असतं. आता अर्ज बाद. नवीन अर्ज करा, यादीत शेवटी नाव लागेल, दोन-तीन वर्षं धरून चाला. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. मग त्याने रजिस्टर काढलं, तिचं नाव शोधलं, आणि त्यापुढे लाल पेनने 'मयत' असं लिहिलं. मी उभं राहून ते पूर्ण होईपर्यंत बघितलं.

"बाई यायच्या नेहमी," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षांत दिसल्या नाहीत. आम्हाला वाटलं, गायी विकल्या असतील." मग फाईलमधून दोन कागद काढून त्याने खिडकीतून पुढे सरकवले. "हा जुना अर्ज. बाद झालेला आम्ही ठेवत नाही. हवा तर न्या."

परतीच्या बसमध्ये फॅट आणि त्याची बायको पुढच्या सीटवर बसले, मी मागे. फॅट चिडला होता. एकदाच मागे वळून म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण!" त्याचं खरंच होतं. त्याच्या बायकोने मात्र वळून माझ्या गुडघ्यावर जरा हात ठेवला आणि पुन्हा पुढे बघत बसली. चष्मा तिने काढून ठेवला होता.

मी अर्ज उघडला. तिचं अक्षर. नाव, गाव, जनावरं अकरा, सगळं नेटकं. दुसऱ्या पानावर रकाना नऊ होता. यंत्र कशासाठी हवे आहे? योग्य त्यापुढे खूण करा. जनावरांची संख्या जास्त आहे. मजूर मिळत नाहीत. स्वच्छ दूध उत्पादनासाठी. इतर.

खूण 'इतर'पुढे होती. लिहायला रेघ एकच दिली होती. तिने रेघ भरून खालच्या मोकळ्या जागेतही लिहिलं होतं.

"ह्यांचे अंगठे दुखतात. सांगत नाहीत. विचारले तर ठणठणीत म्हणतात."

खाली चार वर्षांपूर्वीची तारीख होती.

मी तो कागद वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. चार वर्षांपूर्वी दुखणं नुकतं सुरू झालं होतं. मी तिला कळू दिलं नव्हतं, अशी माझी समजूत होती. बरणीचं झाकण मी तिच्यापुढे कधी उघडायला घेत नव्हतो. आणि त्याच सुमाराला एके दिवशी तिने मला त्या हट्टी गाईपासून उठवलं होतं. "सरका, ती तुम्हाला सोडत नाही, मला सोडते," म्हणाली होती. मी गाईला शिव्या घातल्या आणि सरकलो. अकरांत सगळ्यात कडक सडं तिची होती. स्वतः जाईपर्यंत त्या गाईची धार बायकोनेच काढली. मी तीन वर्षं सांगत फिरलो की ती गाय फक्त तिलाच ओळखायची. गाईचं काहीच नव्हतं. ती बिचारी कुणालाही सोडायची.

बसमध्ये मी रडलो. माणसं होती, पण बसमध्ये रडणाऱ्याकडे कुणी बघत नाही, सगळे खिडकीतून बाहेर बघतात.

गावात उतरल्यावर मी फॅटला सांगितलं, "सहा गायींना गिऱ्हाईक बघ. पाच ठेवतो. पाच निभतील."

"आणि नवीन अर्ज?"

"भरतो आज. माझ्या नावाने."

पुढच्या पत्राला पोस्टमन फाटकातून माझं नाव पुकारेल आणि विचारेल, आहेत का? आणि मला म्हणावं लागेल, आहे. हे बसमधून उतरतानाच माझ्या लक्षात आलं होतं.

दुपारी चारला धारेला बसलो तेव्हा स्वेटर घातला. गायींसाठी नाही. मला घालायचा होता म्हणून घातला. सगळ्या गायी नेहमीसारख्याच पान्हावल्या. शेवटच्या गाईपर्यंत अंगठे इतके ठणकायला लागले की बादली मला दोन्ही मनगटांत धरून उचलावी लागली. दूध केंद्रावर टाकून आलो, हात कोमट पाण्यात बुडवून बसलो, आणि मग मुलीला फोन लावला. वार गुरुवार होता. मी स्वतःहून फोन कधी करत नाही, रविवारशिवाय तर आमचं बोलणंच होत नाही.

"बाबा? काय झालं?" तिचा आवाज घाबरलेला होता.

"काही नाही झालं."

"मग? बरे आहात ना?"

ठणठणीत हा शब्द तोंडात तयारच होता. इतकी वर्षं तो आपोआप येतो.

"अंगठे दुखतात," मी म्हणालो. "दोन्ही. फार दुखतात."



"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं! आणि कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. "पण तुझ्या आईला माहीत होतं."